ओव्हनच्या दाराची काच: घासण्याआधी समजून घ्यावे असे काही

डिसेंबर लागला की गोव्यातील पुष्कळ घरांत ओव्हनवरचे आच्छादन निघते. काही घरांत तो वर्षभर चालू असतो. घरातून केक करून विकणाऱ्या महिलांकडे तर दिवसातून तीन-चार वेळा तापतो. पण बहुसंख्य स्वयंपाकघरांत नाताळ, वाढदिवस आणि चतुर्थीच्या आधीची नानकटाई एवढ्यापुरताच त्याचा मान असतो. अशा वेळी ओव्हनपुढे उभे राहिल्यावर पहिल्यांदा नजरेत भरते ती दाराची काच. मागच्या खेपेचे तूप, साखरेच्या पाकाचे ओघळ, कोंबडी भाजताना उडालेली चरबी यांचा तपकिरी पडदा तिच्यावर असा बसलेला असतो की आतला दिवा पेटला आहे की नाही हेही कळू नये. मग हाताला लागेल ते घेऊन घासणे सुरू होते. तारेची घासणी, हिरवा स्क्रबर, जुन्या सुरीचे पाते, प्रसंगी दाढीचे ब्लेडसुद्धा. तासाभरात काच लख्ख होते, आणि खरा धोका तेथून सुरू होतो.

यात अतिशयोक्ती नाही. घरगुती ओव्हनच्या सुरक्षिततेविषयी आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाचे जे मानक आहे, त्यानुसार काचेचे दार असलेल्या ओव्हनच्या माहितीपुस्तिकेत एक सूचना द्यावीच लागते. दाराच्या काचेवर खरखरीत द्रव्ये किंवा धातूची धारदार खरवडणी वापरू नये, कारण ओरखडे उठून काच फुटू शकते, असा तिचा आशय आहे. सूचना पुस्तिकेत असते आणि पुस्तिका वॉरंटी कार्डासह कपाटाच्या खणात असते, एवढीच अडचण. ओरखड्याचा आणि फुटण्याचा संबंध काय, हे मात्र पुस्तिका सांगत नाही. तो एकदा कळला की काच साफ करण्याची सगळी पद्धतच बदलते. म्हणून आधी काचेविषयी.

काचेच्या पोटातील ताण

ओव्हनच्या दाराला आज बहुधा टफन्ड काच असते. मूळ काच खिडकीचीच. पण ती आधी मापात कापतात, कडा घासून गुळगुळीत करतात आणि मग सुमारे ६२० ते ६५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून दोन्ही बाजूंनी थंड हवेचे झोत सोडतात. बाहेरचा थर आधी घट्ट होतो, गाभा मागाहून. गाभा आकुंचन पावू लागतो तेव्हा आधीच घट्ट झालेला बाहेरचा थर त्याला मोकळीक देत नाही. परिणामी गाभा कायमचा ताणलेला आणि पृष्ठभाग कायमचा दाबलेला राहतो. काच फुटते ती ताणाने. पृष्ठभागच दाबाखाली असल्यामुळे बाहेरून येणाऱ्या ताणाला आधी तो दाब संपवावा लागतो, आणि म्हणून ही काच त्याच जाडीच्या साध्या काचेच्या सुमारे चौपट बळकट ठरते. उष्णतेचेही तसेच आहे. साध्या काचेचा एक भाग दुसऱ्यापेक्षा ४० अंशांच्या आसपास अधिक तापला तरी ती तडकू शकते. टफन्ड काच २०० अंशांच्या फरकालाही पुरून उरते.

हे गुपित सतराव्या शतकातील युरोपच्या दरबारांत एक करमणूक म्हणून फिरत होते. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात टाकला की बेडकाच्या पिलासारखा, गोल डोक्याचा आणि बारीक शेपटीचा तुकडा तयार होई. डोक्यावर हातोडी मारली तरी तो फुटत नसे. शेपटी चिमटीत मोडली की मात्र क्षणात सगळ्याचे पीठ. ‘प्रिन्स रुपर्टचे थेंब’ या नावाने ते ओळखले जातात आणि रॉबर्ट हुकने १६६५ सालच्या ‘मायक्रोग्राफिया’त त्यांचा विचार केला आहे. ओव्हनच्या दारात बसवलेली काच ही त्याच थेंबाची सपाट आणि शिस्तीत ठेवलेली आवृत्ती आहे. तिच्या पोटात साठलेला ताण बंदिस्त आहे तोवर ती भक्कम. तो मोकळा झाला की ती साध्या काचेसारखी एका रेषेत तडकत नाही, एकदम शेकडो बोथट खड्यांत विखुरते. लांब, धारदार पाती होत नाहीत म्हणूनच तिला सुरक्षित काच म्हणतात. पण तापलेल्या ओव्हनपुढे वाकून बसलेल्या माणसाच्या अंगावर ती फुटली तर त्या क्षणी या सुरक्षिततेचे फारसे समाधान वाटणार नाही.

आता ओरखडा. काचेची प्रत्यक्षातली ताकद तिच्या अणूंच्या बंधांवरून काढलेल्या ताकदीपेक्षा इतकी कमी का भरते, या प्रश्नाचे उत्तर ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात दिले. पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य भेगा असतात आणि सगळा ताण त्या भेगांच्या टोकांशी एकवटतो, हे त्याचे सार. टफन्ड काचेत या भेगा दाबाखाली मिटलेल्या राहतात. मात्र दाबलेला थर जाड नसतो. प्रत्येक बाजूला एकूण जाडीच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढाच. म्हणजे ४ मिलिमीटर काचेत तो पाऊण मिलिमीटरच्या आसपास भरतो. तारेच्या घासणीचा एक फटकारा एवढा खोल जात नाही, आणि म्हणूनच लोकांना वाटते की काही झाले नाही. पण पुढे प्रत्येक वेळी काच तापते, निवते, दार आदळते, आणि ओरखडा कणाकणाने आत सरकू शकतो. तो ताणलेल्या गाभ्यापर्यंत पोचला की मग काहीही निमित्त पुरते. कधी कधी निमित्तही लागत नाही. घासले दिवाळीत आणि काच फुटली नाताळात असे होऊ शकते ते यामुळे. आणि आदल्या रात्री ओव्हन वापरलाच नव्हता, मग काच आपोआप कशी फुटली, या तक्रारीचेही एक उत्तर यात आहे. काचेतच राहून गेलेला निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण हे अशा फुटण्याचे दुसरे कारण. त्याला घरातला कोणी जबाबदार नसतो.

टफन्ड काचेची सर्वांत नाजूक जागा म्हणजे कडा आणि कोपरे. मधोमध बुक्की मारली तरी तग धरणारी काच सिरॅमिक टाइलवर कोपऱ्यावर टेकली की हातातच खडे होऊन पडू शकते. पुढे दार उतरवण्याचा विषय येईल तेव्हा हे आठवावे.

‘पायरेक्स’चे नाव घेऊन कोणी म्हणेल की ओव्हनची काच तर वेगळीच असते. तीही हकीकत खरी आहे, पण ती भांड्यांची. जर्मनीत ऑटो शॉट याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बोरोसिलिकेट काच घडवली. उष्णतेने ती साध्या काचेच्या जेमतेम एक तृतीयांश प्रसरण पावते, त्यामुळे तडकत नाही. अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीने या जातीच्या काचेची बेकिंगची भांडी १९१५ साली ‘पायरेक्स’ नावाने बाजारात आणली; त्याआधी कंपनीतील एका शास्त्रज्ञाच्या पत्नीने बॅटरीच्या कापलेल्या काचपात्रात घरी केक भाजून पाहिला होता, अशी तिची जन्मकथा सांगतात. काही ओव्हनमध्ये अगदी आतली काच बोरोसिलिकेटची असते. ओरखड्याचे वैर तिलाही आहेच.

तपकिरी पडदा कशाचा?

आपल्याकडे बिडाचा नवा तवा तेल लावून पुन्हा पुन्हा तापवून तयार करतात. चार-सहा खेपांनंतर त्यावर काळसर, गुळगुळीत, न निघणारा थर बसतो आणि घावन सुटू लागतात. त्या थराचे आपल्याला कौतुक. ओव्हनच्या काचेवरचा तपकिरी थर रसायनाच्या दृष्टीने त्याचाच सख्खा भाऊ आहे. तेलातील असंतृप्त स्निग्धाम्ले उष्णतेत हवेतील प्राणवायूशी संयोग पावून एकमेकांत गुंफली जातात आणि तेलाचे एक प्रकारचे रोगण होते. जवसाच्या तेलातले रंग वाळतात ते याच तत्त्वाने. म्हणूनच साबणाचे पाणी ताजे तूप सहज काढते, पण तीन वेळा तापलेला डाग त्याला दाद देत नाही. तो आता स्निग्ध पदार्थच राहिलेला नसतो.

यात कोणते तेल वापरले यालाही महत्त्व आहे. खोबरेल तेल बहुतांशी संतृप्त असते, त्यामुळे त्याचे रोगण सावकाश होते. सूर्यफूल आणि सोयाबीनची रिफाइंड तेले मात्र असंतृप्त स्निग्धाम्लांनी भरलेली असतात आणि काचेवर लवकर, घट्ट बसतात. ट्रेला तेलाचा हात फिरवताना एवढे लक्षात ठेवले तरी पुढचे कष्ट हलके होतात.

साखरेचे डाग निराळे. साखर सुमारे १६० अंशांवर वितळून करपू लागते आणि काळ्या काचेसारखी चिकटते. दिसायला हा डाग सर्वांत भयंकर, पण साखर जळून पूर्ण कोळसा झाली नसेल तर गरम पाण्याची ओली घडी अर्धा तास ठेवल्यावर तो मऊ पडतो. लोक नेमका हाच डाग सुरीने उडवायला जातात.

काचेच्या दृष्टीने गोव्यातील सर्वांत कठीण पदार्थ कोणता, असे विचारले तर उत्तर बेबिंका हेच द्यावे लागेल. २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळालेला हा पदार्थ मुळात वरच्या आचेचा आहे. पूर्वी भांड्याच्या झाकणावर निखारे ठेवून एकेक थर भाजत; आता ते काम ओव्हनची वरची कॉइल करते. नारळाचा रस, अंड्याचे बलक, साखर आणि तूप, असे काचेला नको असलेले सगळे त्यात आहे, आणि प्रत्येक थराला दार उघडून पळीभर मिश्रण ओतायचे. खाली उघडणारे दार त्या वेळी आडवे पडलेले असते. पळीतून गळणारा प्रत्येक थेंब थेट तापलेल्या काचेवर पडतो आणि दार मिटल्यावर भाजत राहतो. सात थर म्हणजे निदान सात वेळा हे होणार. उपाय साधा आहे. ओतताना उघड्या दारावर जाड, कोरड्या सुती कापडाची घडी पसरावी आणि दार मिटण्यापूर्वी आठवणीने काढावी. जिना उतरावा तसे थेंब मग कापडावर थांबतात. पदेराच्या फोर्नला ही कटकट नाही, कारण तिला काचच नाही. पाव कधी काढायचा हे त्याला वासावरून आणि सवयीने कळते. काचेचे दार आपल्याला लागते ते ती सवय नसल्यामुळे, हेही मान्य केले पाहिजे.

तीन सोडे आणि एक फसवा फेस

बाजारात ‘सोडा’ या एका शब्दाखाली तीन वेगळ्या वस्तू मिळतात आणि त्यांची गल्लत महागात पडते. खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, अत्यंत सौम्य अल्कली. धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, त्याहून पुष्कळ तीव्र. कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, हा तर कातडी आणि डोळे जाळणारा. ओव्हन साफ करण्याच्या काही तयार फवाऱ्यांत तोच असतो. अल्कली स्निग्ध पदार्थाचा साबण करते, हे तिघांचेही समान काम, फरक जोराचा. दाराच्या चौकटी, पट्ट्या, मुठी पुष्कळदा ॲल्युमिनियमच्या असतात आणि कॉस्टिक त्यांना अक्षरशः खातो. धुण्याचा सोडाही त्यांना काळे पाडतो. काचेसाठी खाण्याचा सोडा पुरेसा आहे. तो जोरात कमी आहे, ती उणीव वेळ भरून काढतो.

त्याचा आणखी एक गुण आहे. कठीणपणाच्या मोह्स मापावर काच साडेपाचच्या आसपास येते, खाण्याचा सोडा अडीचच्या आसपास. म्हणजे तो डागाला घासू शकतो, काचेला नाही. याउलट वाळूचा कण ७, आणि हिरव्या स्क्रबरमध्ये मिसळलेले ॲल्युमिनियम ऑक्साइड ९. भांडी घासण्याच्या काही पुडींतही सिलिकायुक्त खनिजाची भुकटी असते. तारेची घासणी स्वतः काचेहून फारशी कठीण नसली तरी तिच्यात अडकलेला वाळूचा एखादा कण पुरतो. आपल्या आजीची राख आणि नारळाच्या शेंडीचा काथ्या ही जोडीही येथे उपयोगाची नाही. राखेतील क्षार डागाला योग्य तेच औषध आहे, पण तिच्यात चुलीतली बारीक रेती असतेच. तांब्याच्या कळशीला ती चालते. ओव्हनच्या काचेला नाही.

आता फेसाविषयी. सोडा पसरा, वर व्हिनेगर शिंपडा, फसफसू द्या, डाग गायब, अशी कृती समाजमाध्यमांवर वारंवार फिरते. पाहायला ती फार छान वाटते. पण आम्ल आणि अल्कली एकत्र आली की ती एकमेकांना मारतात. उरते ते बव्हंशी पाणी, थोडे सोडियम ॲसिटेट आणि हवेत निघून गेलेला कार्बन डायऑक्साइड. सोड्याचे काम सुरू होण्याआधीच संपते. व्हिनेगरचा खरा उपयोग शेवटी, वेगळा. काच सोड्याने धुऊन पुसल्यावर जी पांढुरकी झाक राहते, किंवा विहिरीच्या पाण्यातील क्षारांचे ठिपके, ते पाण्यात मिसळलेल्या साध्या पांढऱ्या व्हिनेगरच्या फडक्याने जातात. माडाच्या सुरेचे व्हिनेगर यासाठी वापरू नये. त्याचा रंग लागतो, आणि त्याची जागा विंदालूत आहे.

प्रत्यक्ष काम

ओव्हन बंद, प्लग काढलेला किंवा मुख्य स्विच उतरवलेला, आणि काच हाताला फक्त कोमट लागेल इतकी निवलेली. याआधी काही सुरू करू नये. तापलेल्या काचेवर थंड ओले फडके टाकणे हा धडधाकट काचेवरही अन्याय आहे, मग जुन्या ओरखड्यांच्या काचेचे काय विचारावे. दार पूर्ण उघडून आडवे ठेवावे. आधी कोरड्या मऊ फडक्याने पावाचा चुरा आणि सुटे कण अलगद उचलून घ्यावेत. पुसताना हेच कण काचेवर घासले जातात. मग भांड्यांच्या द्रव साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या स्पंजने एकदा पुसावे. यानेच निम्मे डाग जातात.

उरलेल्यांसाठी तीन भाग खाण्याचा सोडा आणि एक भाग पाणी असा दाटसर लेप करावा. तो वाहता कामा नये, कारण वाहिला तर दाराच्या कडेच्या फटींत जाईल. फक्त काचेवर पसरावा. कडेची चार बोटे जागा सोडली तरी हरकत नाही, तेथे नंतर बोटाने लावता येतो. ओव्हनच्या तोंडाभोवती असणारी मऊ पट्टी, जिला गॅस्केट म्हणतात, तिला लेप लागू देऊ नये. ती काही ओव्हनमध्ये काचतंतूंची विणलेली असते, घासली की विसकटते आणि मग उष्णता बाहेर गळत राहते. लेपावर ओल्या कापडाची घडी झाकावी, म्हणजे तो वाळणार नाही. वाळलेला सोडा काम करीत नाही, नुसता पांढरा खपला होतो. साध्या डागांना अर्धा तास, जुन्यांना रात्रभर. या कामात लागते ती एवढीच प्रतीक्षा, आणि बहुतेक ओरखडे ती न केल्यामुळेच उठतात.

नंतर ओल्या स्पंजने गोल हात फिरवीत लेप काढावा. जेथे डाग टेकाडासारखा उभा असेल तेथे जुन्या प्लास्टिक कार्डाची कड आडवी धरून ढकलावी. निघाला नाही तर पुन्हा लेप. तिसऱ्या लेपानंतरही काही ठिपके राहतील. ते राहू द्यावेत. शेवटी दोनदा स्वच्छ पाण्याच्या पिळलेल्या फडक्याने पुसून मायक्रोफायबरच्या कोरड्या कापडाने काच कोरडी करावी. सोड्याचा अंश राहिला तर पुढच्या वेळी तापल्यावर पांढरे फराटे उठतात. काच चमकवायला जुने वर्तमानपत्र उत्तम, हा अनुभव घरोघरी आहे. आमचे दैनिक ऑनलाइन असल्याने ही एक सेवा आम्हाला देता येत नाही.

डाग दोन काचांच्या मध्ये असेल तर

सर्वाधिक चीड आणणारा ओघळ हा. आतूनही पुसून झाले, बाहेरूनही झाले, तो तेथेच. दारात दोन, तीन, क्वचित चार काचा असतात आणि त्यांच्यामधून हवा खेळती राहावी म्हणून दाराच्या वरच्या वा खालच्या कडेला फटी ठेवलेल्या असतात. बाहेरची काच हाताला सोसेल इतकी थंड राहते ती या हवेमुळे. त्याच फटींतून पाक, तूप आणि आपण घाईने मारलेला फवारा आत उतरतो. आपल्या दमट हवेत मुंग्या आणि बारीक झुरळेही त्याच वाटेने जातात.

भिंतीत वा कपाटात बसवलेल्या मोठ्या ओव्हनचे दार पुष्कळदा उतरवता येते, पण ते आपल्या ओव्हनच्या पुस्तिकेतील आकृती समोर ठेवूनच. दोन्ही बिजागऱ्यांवर एकेक खिट्टी असते. दार पूर्ण उघडून या खिट्ट्या उलटवाव्या लागतात, मग दार अर्धवट मिटून दोन्ही हातांनी वर उचलायचे. खिट्ट्या न उलटवता दार ओढले तर बिजागरीची ताठ स्प्रिंग मोकळी होऊन तिचा दांडा सापळ्यासारखा मिटतो. बोट मध्ये असेल तर ते चेंगरते. हे काम एकट्याने करू नये. दारही वाटते त्याहून जड असते. ते खाली ठेवायचे ते गोधडीवर, मूठ खालच्या बाजूस करून, आणि कोपरा फरशीला कोठेही न टेकवता.

काचा काढताना प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. मधल्या काचेच्या एका बाजूला उष्णता परतवणारा अदृश्य लेप असू शकतो आणि ती काच उलटी बसली तर बाहेरचे दार नेहमीपेक्षा अधिक तापते. या काचांना सोड्याचा लेपसुद्धा नको. साबणाचे पाणी आणि मऊ फडके एवढेच. आणि एखादी काच परत बसत नाही म्हणून ती बाजूला ठेवून ओव्हन सुरू करणे, हा प्रकार कधीही होऊ नये. घरात रांगणारे मूल असेल तर बाहेरच्या काचेचे तापमान हा त्याच्या तळहाताचा प्रश्न आहे.

ओट्यावर ठेवायच्या लहान ओव्हनची, म्हणजे ओटीजीची गोष्ट सोपी आहे. त्यांच्या दाराला पुष्कळदा एकच काच असते आणि दार उतरवण्यासाठी केलेलेच नसते. स्क्रू दिसले तरी खोलू नयेत.

पावसाळा आणि बाकीचे महिने

जून ते सप्टेंबर आपल्याकडे न वापरलेल्या ओव्हनचे हाल होतात. बिजागऱ्या गंजतात, समुद्राकाठच्या घरांत तर खारी हवा स्क्रूंची डोकी खाऊन टाकते, आणि गंजलेली बिजागरी दार तिरके मिटवते. तिरक्या दाराची काच एका कोपऱ्यावर भार घेते. तो कोपराच तिचा दुबळा भाग हे वर आलेच आहे. ओव्हन वापरात नसला तरी पंधरवड्यातून एकदा तो रिकामा, मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटे तापवावा. सुरुवातीला काचेच्या आतल्या बाजूस वाफ धरते, ती दोष नव्हे. काच तापली की जाते. तापूनही दोन काचांमध्ये थेंब दिसत राहिले तर फटीतून पाणी गेले आहे असे समजावे आणि ते सुकल्यावाचून ओव्हन पूर्ण आचेवर चालवू नये.

गॅस्केटची परीक्षा कागदाच्या चिटोऱ्याने होते. ओव्हन थंड असताना तो दारात धरून दार मिटावे आणि ओढावा. अडखळत निघाला तर ठीक. सर्रकन निघाला तर तेथून उष्णता बाहेर जाते आहे. चारही बाजूंना असे पाहावे. उघड्या दारावर जड ट्रे टेकवणे आणि गुडघ्याने दार आदळून मिटणे या दोन सवयी मात्र घरातल्या सर्वांनाच सोडाव्या लागतील.

काचेवर ओरखडा दिसला तर त्यावरून नख आडवे फिरवावे. नख अडकले तर ती काच बदलायला झाली. कोपऱ्याचा टवका उडाला असेल तर नखाचीही गरज नाही. येथे एक चूक सर्रास होते. लोक गल्लीतल्या काचवाल्याकडे माप देऊन साधी काच कापून आणतात आणि बसवतात. ती दिसते तशीच, पण टफन्ड नसते, आणि टफन्ड काच नंतर कापता येत नाही. कापायला गेले की तिचे खडे होतात. साधी काच ओव्हनच्या आचेवर तडकते आणि तिची पाती धारदार असतात. काच त्या मॉडेलचीच, उत्पादकाच्या सेवा केंद्रातून मागवावी, आणि ती येईपर्यंत ओव्हन बंद ठेवावा. ऑर्डरी घेतलेल्या घरगुती व्यावसायिकेला नाताळाच्या तोंडावर हे सांगणे कठोर आहे, याची जाणीव ठेवूनच हे लिहिले आहे. शेजारणीचा ओव्हन मागून घेता येतो.

आणि भाजणी चालू असतानाच काच फुटली, तर दार उघडायला धावू नये. आधी वीज बंद. खडे काही वेळ तडतडत राहतात. ओव्हन पूर्ण निवेपर्यंत मुलांना आणि मांजराला स्वयंपाकघराबाहेर ठेवावे. पायांत चपला, हातांत जाड हातमोजे घालून मोठे खडे उचलावेत, बारीक कण ओल्या जाड कागदाने टिपावेत आणि सगळे पुठ्ठ्याच्या खोक्यात बंद करून, वर ‘फुटकी काच’ असे लिहून कचरा नेणाऱ्याच्या हातात वेगळे द्यावे. ओव्हनमध्ये जे काही भाजत होते, ते वरून धडधाकट दिसले तरी फेकून द्यावे.

नवी काच मागवताना मॉडेलचा क्रमांक लागतो. तो बहुधा दाराच्या आतल्या कडेला किंवा चौकटीवर चिकटवलेल्या छोट्या पट्टीवर असतो. सोड्याच्या लेपाने आणि स्पंजने पहिल्यांदा पुसली जाते ती हीच पट्टी, तेव्हा साफसफाईला हात घालण्यापूर्वी तिचे एक छायाचित्र काढून ठेवावे.